यंत्र तपासले, निरीक्षक झोपलेला आढळला

"रोज किती चालता?" असं डॉक्टरांनी विचारलं आणि मी म्हणालो, "बरंच."

शब्द तोंडातून गेला आणि मी गार पडलो. कारण मी वजनमापे निरीक्षक आहे. सत्तावीस वर्षं मी दुकानांच्या पायऱ्या चढून लोकांचे काटे, वजनं आणि लिटरची मापं तपासतोय. 'बरंच', 'साधारण', 'असेल की किलोभर' या शब्दांवर मी माणसांना नोटिसा दिल्या आहेत. आणि आज डॉक्टरांच्या खुर्चीत, सदरा वर करून बसलेला मी म्हणत होतो, बरंच!

"बरंच म्हणजे किती?" डॉक्टरांनी विचारलं.

अगदी हाच प्रश्न, याच सुरात, मी दुकानदारांना विचारतो. ऐकणाऱ्याला तो इतका लागतो याची मला आजवर कल्पना नव्हती.

साखर काठावर आली होती. काठावर म्हणजे किती, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. दोरा दातानं तोडत म्हणाली, "अहो, मग ते पावलं मोजायचं घड्याळ घ्या की. मनगटावर बांधलं की झालं. झोप मोजतं, नाडी मोजतं, सगळं मोजतं."

"कुणी तपासलंय ते?" मी विचारलं.

"कोण तपासणार? लोक घेतात, घालतात."

हे ऐकून मला खरोखरच धक्का बसला. भाजीवाल्याच्या पाव किलोच्या वजनाला दरवर्षी सरकारी शिक्का लागतो, आणि माणसाचं काळीज मोजणारं यंत्र बिनशिक्क्याचं लाखो मनगटांवर फिरतंय! मी जाहीर केलं, की चाचणी झाल्याशिवाय असलं यंत्र मी विकत घेणार नाही.

ही घोषणा घरात करायची सोडून मी जिन्यात केली, ही पहिली चूक. आमच्या जिन्यात बोललेलं वाक्य तीन मजले चढतं. विमा एजंट लगेच दार उघडून बाहेर आले. "अजिबात घेऊ नका. माझ्या साडूला त्याच्या घड्याळानं सांगितलं, तुमच्या शरीराचं वय पासष्ट. साडू अठ्ठेचाळीसचा आहे. त्या दिवसापासून तो पासष्टचा दिसायला लागला." वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाई कठड्यावरून वाकून म्हणाल्या, "घ्याच हो. माझं घड्याळ दर तासाला मला म्हणतं, उठा, जरा फिरा. इतक्या आपुलकीनं आमच्या घरात कुणी बोलत नाही."

आणि तळमजल्यावरून कवायत सर गरजले, "घड्याळं कसली बांधताय! पाय उचला, पाय!"

कवायत सर शाळेत चौतीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झाले. वय एकाहत्तर. पाठ अशी सरळ, की त्यांच्या शेजारी भिंत वाकडी वाटावी. रोज पहाटे मैदानाला चार फेऱ्या मारतात आणि नंतर उरलेला दिवस, ज्यांनी फेऱ्या मारल्या नाहीत त्यांना बोलण्यात घालवतात. मला ते 'इन्स्पेक्टर' म्हणतात. "इन्स्पेक्टर, मी आजवर डॉक्टरचं तोंड पाहिलेलं नाही!" असं म्हणून त्यांनी छातीवर एक बुक्की मारून घेतली.

शेवटी तोडगा मेहुण्यानं काढला. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. नवीन वस्तू आधी घ्यायची आणि ती कशासाठी आहे हे नंतर शोधायचं, असा त्याचा स्वभाव. त्यानं स्वतःचं जुनं घड्याळ आणून दिलं. "भाऊजी, पंधरा दिवस वापरा, तपासा, मग ठरवा घ्यायचं की नाही. फक्त ते माझ्या फोनला जोडलेलं आहे हं. तुमच्या फोनला ते झेपणार नाही."

या शेवटच्या वाक्याकडे मी लक्ष दिलं नाही. नोटीस वाचताना माणसानं खालची बारीक अक्षरं आधी वाचावीत, हे मी दुकानदारांना नेहमी सांगतो.

घड्याळ मी उजव्या मनगटावर बांधलं. डाव्या मनगटावर लग्नात सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ आहे, आणि ते काढण्याचे परिणाम काय होतील याची चाचणी मला करायची नव्हती.

पहिली परीक्षा पावलांची. इमारतीच्या फाटकापासून पोस्टापर्यंत स्वतः मोजत चालायचं आणि घड्याळाचा आकडा ताडून बघायचा, इतकं सोपं. चारशे बाराव्या पावलाला विमा एजंट समोरून आले.

"काय, कुठं निघालात?"

"चारशे तेरा," मी म्हणालो.

"अं?"

"चारशे चौदा. चारशे पंधरा."

ते थांबले, माझ्याकडे बघत राहिले आणि तडक आमच्या घरी गेले. "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण यांना आकड्याचा नाद लागलाय. भर रस्त्यात आकडे सांगत फिरतायत." बायकोला वाटलं, मी जुगार खेळतोय. ती तशीच गळ्यात टेप घेऊन पोस्टापाशी आली आणि आठशे नव्वदाव्या पावलाला मला गाठून म्हणाली, "किती दिवस चाललंय हे?" मी थांबून समजावून सांगितलं. त्यात मोजणी चुकली. पुन्हा फाटकापासून सुरुवात. माझी पावलं एक हजार, घड्याळाची नऊशे अडुसष्ट. मी वहीत लाल शाईनं नोंद केली, 'चूक मर्यादेबाहेर'. मन कसं प्रसन्न झालं.

सोमवारी आमचं शिबिर होतं. बाजारातले सगळे व्यापारी आपापली वजनं घेऊन येतात. वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन बरोबर भरलं, की त्या शिशावर मी हातोडीनं शिक्का ठोकतो. एका वजनाला आठ-दहा ठोके. सकाळी दहापासून मी स्टुलावर बसून ठोकत होतो. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मनगट थरथरलं. बघतो तर घड्याळाच्या तबकडीवर रंगीत कागदांचा पाऊस पडतोय आणि खाली लिहिलंय, 'अभिनंदन! दहा हजार पावलं!'

मी जागचा हललो नव्हतो. पृष्ठभाग स्टुलाला टेकलेला, आणि मी दहा हजार पावलं चाललो होतो!

तेवढ्यात मेहुण्याचा फोन. "भाऊजी! कमाल केलीत! सगळ्यांनी पाहिलं!" सगळ्यांनी म्हणजे कुणी, असं मी विचारलं. तेव्हा कळलं, की घड्याळाची प्रत्येक बातमी मेहुण्याच्या फोनवरून बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर आपोआप जाते. 'माहेरची माणसं' या नावाच्या त्या ग्रुपमध्ये तेवीस जण आहेत. मेहुण्यानं मलाही लगेच त्यात घेतलं. सासूबाईंनी माझ्यासाठी अंगठा दाखवला होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

आता खरं सांगायला हवं होतं, की ती पावलं नाहीत, हातोडीचे ठोके आहेत. पण अंगठा सासूबाईंचा होता. मी गप्प बसलो. खोट्या मापाचा फायदा घेणाऱ्याला किती दंड होतो हे मला तोंडपाठ आहे. तरीही दोन दिवस मी तो फायदा घेतला, आणि मला तो आवडला, हेही नोंदवून ठेवतो.

गुरुवारी याची परतफेड झाली. दुपारी कार्यालयात एका परिपत्रकाचं सहावं पान वाचत होतो. पंखा डोक्यावर होता. पान संपलं तेव्हा तीन वाजले होते. मी उठून पाणी पिऊन आलो, तर समोरच्या टेबलावरचा कारकून माझ्याकडे बघून फायलीत तोंड लपवत होता. फोन उघडला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. 'माहेरची माणसं'वर चंद्राचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'दुपारी २.०८ ते ३.००. गाढ झोप, ५२ मिनिटं. दर्जा : उत्कृष्ट.'

बायकोची बहीण, म्हणजे माझी मेहुणी, आमच्याच खात्याच्या मुख्यालयात आस्थापना शाखेत आहे. तिनं प्रेमानंच शेजारच्या टेबलावर दाखवलं, "बघा आमचे भाऊजी!" शेजारच्या टेबलानं पलीकडच्या टेबलाला दाखवलं. आमच्या खात्यात एक अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला एकवीस दिवस लागतात. माझी झोप पंचवीस मिनिटांत साहेबांपर्यंत पोचली.

शुक्रवारी सकाळी टेबलावर पत्र. विषय : कार्यालयीन वेळेत 'गाढ' निद्रा घेतल्याबाबत. सात दिवसांत लेखी खुलासा करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. 'गाढ' हा शब्द अवतरणात होता. आयुष्यात मी हजारो नोटिसा दिल्या. ही मला आलेली पहिली. पोच म्हणून सही करताना माझंच नाव मला परकं वाटलं.

मी झोपलो नव्हतो, असं माझं प्रामाणिक मत होतं. म्हणजे डोळे मिटलेले असतील, पण विचार चालू होता. हे सिद्ध करायचा मार्ग एकच. यंत्र सदोष आहे हे रीतसर चाचणी घेऊन, साक्षीदारांच्या सह्यांनिशी मांडायचं. जे यंत्र हातोडीला पाऊल म्हणतं, ते विचाराला झोप म्हणणारच. नाडीची चाचणीही नापास झाली, की खुलासा बिनतोड.

बायको म्हणाली, "अहो, झोप लागली होती असं लिहून टाका ना. पंखा होता, जेवण झालं होतं. माणसाला लागते झोप."

"माणसाला लागते," मी म्हणालो. "निरीक्षकाला लागत नाही."

शनिवारी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडून नाडी मोजायला शिकून आलो. अंगठ्याच्या खाली तीन बोटं, पूर्ण एक मिनिट. रविवारी सकाळी दहा वाजता तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत टेबल मांडलं, वहीत रकाने आखले. घड्याळाचे ठोके, बोटांना लागलेले ठोके, फरक. इमारतीतली अकरा माणसं जमली. रविवारी सकाळी आमच्याकडे दुसरं काही घडत नाही.

पहिले विमा एजंट. घड्याळ म्हणालं अठ्ठ्याहत्तर, माझी बोटं म्हणाली अठ्ठ्याहत्तर. बँकवाल्या बाई, एकाहत्तर आणि बहात्तर. तिसरा, चौथा, पाचवा. फरक शून्य, फरक एक, फरक शून्य. एकेका मनगटाबरोबर मी खचत चाललो होतो. जिंदगीत पहिल्यांदाच एखादं माप बरोबर निघतंय याचं मला दुःख होत होतं. दहावा माणूस उठला तेव्हा माझी नोकरीतली अब्रू त्या चौकोनी तबकडीपुढे लोळण घेत होती.

"आण ते इकडं!" कवायत सर पुढं आले. बाही सरकवली, मनगट टेबलावर आपटलं. "बघू दे त्याला, नाडी कशाला म्हणतात."

घड्याळ थोडा वेळ गप्प राहिलं. मग म्हणालं एकसष्ट. मग एकशे अठरा. मग चौऱ्याहत्तर, मग शहाण्णव. मग थरथरलं आणि अक्षरं उमटली, 'ठोके अनियमित वाटतात. डॉक्टरांचा सल्ला घ्या.'

खोलीत हशा पिकला. इमारतीतला सगळ्यात ठणठणीत माणूस, आणि त्यालाच डॉक्टर! सगळ्यात मोठ्यानं स्वतः सर हसत होते. विमा एजंट टाळी देऊन म्हणाले, "साहेब, जिंकलात! घड्याळ ठार वेडं आहे!" माझ्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. मी त्याच क्षणी वहीत लिहिलं, 'यंत्र नापास'. खाली साक्षीदार सह्या करायला लागले. खुलासा माझ्या डोळ्यांसमोर टंकून तयार होता.

एकच रकाना रिकामा होता. बोटांचे ठोके.

नियम असा आहे, की यंत्र नापास करण्यापूर्वी प्रमाणाशी ताडून बघायलाच हवं. "फक्त एक मिनिट, सर," म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. एक. दोन. मग काहीच नाही. मी बोटं नीट दाबली. मग तीन-चार-पाच असे घाईघाईनं एकमेकांच्या पाठीवर पडत आले. मग पुन्हा शांत. मग एक एकटाच, उशिरा आलेल्या कारकुनासारखा.

मी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. खोलीतलं हसू हळूहळू थांबलं, कारण माझा चेहरा काय झाला होता ते मला दिसत नव्हतं, त्यांना दिसत होतं.

पेन माझ्याच हातात होतं. रकान्यात बहात्तर लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? यंत्र नापास, खुलासा मंजूर, सासुरवाडीत ताठ मान. मी कुणाला सांगितलं नसतं तर हे घडलंच नव्हतं. हा विचार मी किती वेळ केला ते सांगत नाही. पण केला.

"सर," मी म्हणालो, "घड्याळ बरोबर आहे."

"काय बोलतोस?" ते ओरडले. "सकाळीच चार फेऱ्या मारून आलोय!"

"नापास झालेलं माप बाजारात फिरवता येत नाही, सर. दुरुस्तीला न्यावंच लागतं."

"मी काय माप आहे?"

"आहात," दारातून काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा आवाज आला. त्यांनी हातात पिशवी आणि अंगावर शाल आधीच घेतली होती. "चला."

रुग्णालयात स्वागतकक्षावर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी न बघता एक अर्ज पुढं सरकवला. रुग्णाचं नाव, पत्ता, तक्रार, सोबत आलेल्याचा व्यवसाय. "तक्रार काय?" त्यांनी विचारलं. "काही नाही," सर म्हणाले. "तक्रार नसेल तर नंबर लागत नाही," बाई म्हणाल्या. "तक्रार आहे, पण त्यांची नाही," मी म्हणालो. "मग ज्याची आहे त्यानं यायचं," बाई म्हणाल्या. पुढं सतरा माणसं होती. काकूंनी चष्मा आणला नव्हता, म्हणून अर्ज मी भरला.

तोवर कुणीतरी सरांना वजनाच्या काट्यावर उभं केलं. मी जवळ होतो. मला शपथेवर सांगता येईल, की त्या वेळी माझ्या मनात सरांशिवाय काही नव्हतं. पण सत्तावीस वर्षांचे डोळे. ते आपसूक काट्याच्या बगलेला गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, याच्या शिक्क्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपलीय!"

स्वागतकक्षातल्या बाईंनी अर्ज उचलला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं, निरीक्षक, वजनमापे. त्या उठून जवळजवळ पळत आत गेल्या. दोन मिनिटांत टाय लावलेले व्यवस्थापक बाहेर आले, मला बसायला खुर्ची, काकूंना पाणी, आणि सरांना चाकांची खुर्ची. "आधी ईसीजी घ्या! साहेबांचे पेशंट आहेत!" मला तर त्यांच्या माणुसकीनं भरून आलं. किती चांगले लोक, असं मी काकूंना म्हणतही होतो. मग व्यवस्थापक कानाशी लागून कुजबुजले, "साहेब, रविवारी धाड घालता हे माहीत नव्हतं."

ही धाड नाही हे ईसीजीनंतर सांगू, असं मी ठरवलं.  तोवर सर आत गेले होते.

ईसीजीचा कागद हातात घेऊन डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत सरांच्या खाटेपाशी बोलावलं. तरुण होत्या, पण सरांशी कडक आवाजात बोलल्या. हृदयाची लय बिघडली होती. अशानं आत रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर माणूस उभ्याउभ्या कोसळतो. "वेळेत आलात. पण आजोबा, तुम्हाला त्रास काहीच होत नव्हता? दम? धडधड?"

 सर छताकडे बघत अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पाण्याच्या टाकीमागं बसतो."

"काय?"

"दोन महिने झाले. एक फेरी झाली की टाकीमागं बसतो. तिथं कुणाला दिसत नाही. बाकीच्या तीन फेऱ्यांचा वेळ झाला की उठून घरी येतो."

 काकूंनी सरांच्या पायावरची चादर नीट केली.  मी खिडकीतून बाहेर बघायला लागलो. चौतीस वर्षं ज्यांनी पोरांना ताठ उभं राहायला शिकवलं, ते दोन महिने टाकीमागे लपून बसत होते, आणि आम्ही सगळे त्यांचे फेऱ्यांवरून टोमणे खात होतो. मला हसावं की रडावं कळेना. पाच दिवसांनी सर औषधं घेऊन घरी आले. अजून गरजतात, पण बसून.

सर रुग्णालयात असतानाच, सोमवारी मी खुलासा लिहिला. तीन वेळा फाडला. चौथ्यांदा लिहिलं, 'सदर यंत्राची अकरा व्यक्तींवर चाचणी घेतली. यंत्र योग्य आढळले. सबब मी झोपलो होतो.'

साहेबांनी आत बोलावलं. कागद दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "झोपलो होतो, असं लिहिलंय तुम्ही?"

"होय साहेब."

"या खात्यात आजवर असं कुणी लिहिलेलं नाही." त्यांचा आवाज खरोखर घाबरल्यासारखा होता. "याचं काय करायचं असतं, मला माहीत नाही." त्यांनी फाइल खणात टाकली आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "ते नाडीचं... खरंच बरोबर सांगतं?" त्यांचं मनगट टेबलावर आलेलं होतं. मी तीन बोटं ठेवली. ठीक होती. साहेबांनी सुस्कारा सोडला तो दारातल्या शिपायालाही ऐकू गेला.

मेहुण्याला घड्याळ परत केलं आणि बायकोला म्हणालो, "ठरलं. घ्यायचं."

दुकान चांगलं होतं. काचेचं कपाट, थंड हवा, गोड बोलणारा दुकानदार. त्यानं सहा खोकी पुढं मांडली. मी एक उचललं. बायको रंग बघत होती. मी खोक्याच्या खालची बाजू बघितली. मग दुसऱ्याची. मग सहाही खोकी उलटी केली.

"अहो, नको," बायको हळूच म्हणाली. तिला माझा चेहरा ओळखता येतो.

बंद खोक्यांवरचा मजकूर तपासणं हेही आमच्याच खात्याचं काम, आणि इथं खोक्यावर आयात करणाऱ्याचा पत्ता नव्हता, आयातीचा महिना नव्हता, आणि किमतीच्या कागदावर दुसरा कागद चिकटवलेला होता. नखानं तो सुटला. खालची किंमत बघून माझे डोळे पांढरे झाले. ओळखपत्र खिशात होतं, तसाच पंचनाम्याचा कोरा कागदही. मी काय करणार? मला इच्छा नव्हती. दीड तास चाललं. साक्षीदार मिळेनात म्हणून शेजारच्या चांभाराला आणि चष्म्यांच्या दुकानदाराला बोलवावं लागलं. एक्केचाळीस घड्याळं जप्त झाली. दुकानदार घाम पुसत म्हणाला, "साहेब, घ्यायला आला होता की न्यायला?"

बायको रस्ताभर बोलली नाही. पुढच्या चौकात दुसरं दुकान होतं. "तुम्ही इथंच उभं राहायचं," ती म्हणाली. "दुकानाकडे पाठ करून." मी वीस मिनिटं रहदारीकडे बघत उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा घड्याळ तिच्या मनगटावर होतं.

"हे माझ्यासाठी?" मी विचारलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही अकरा जणांची नाडी बघितलीत. मी त्या अकरा जणांचा चहा करत होते."

 

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, तर घड्याळ तिच्या मनगटावर रंगीत कागद उधळत होतं. अकरा हजार चारशे. "कुठं गेली होतीस?" मी विचारलं. "कुठंच नाही," ती म्हणाली. तीन खोल्यांच्या घरात अकरा हजार पावलं! सदोष यंत्र, माझी खात्री पटली. सुट्टीच्या दिवशी वही घेऊन मी तिच्या मागं चालायला लागलो. मशीनपासून कापायच्या टेबलाकडे, तिथून दाराशी, गिऱ्हाइकाचं माप घ्यायला, तिथून गॅसपाशी, गॅसपासून गॅलरीत कपडे वाळत घालायला, परत मशीन. ती चालत होती, मी मागून आकडे टाकत होतो. बारा वाजता चार हजार सातशेला माझे गुडघे बोलायला लागले. मी स्टुलावर टेकलो. दोन्ही आकडे ताडले. फरक नऊ पावलांचा.

मग ती मशीनवर बसली आणि पायडल मारायला लागली. तिचे पाय खाली-वर, खाली-वर, पाऊण तास. मी घड्याळाकडे बघत होतो. आकडा हलत नव्हता. हात कापडावर स्थिर, म्हणून घड्याळाच्या लेखी ती बसलेली होती. माझ्या हातोडीला दहा हजार पावलं देणारं ते यंत्र, तिच्या पायांना एकही द्यायला तयार नव्हतं.

मी सर्द झालो. वहीत लाल शाईनं लिहिलं, 'माप कमी भरते.' ग्राहकाची फसवणूक. सत्तावीस वर्षांत इतकी मोठी घट मी कुठल्याही दुकानात पकडली नव्हती, आणि ही तर माझ्याच घरातली.

"नोटीस देऊ का कंपनीला?" मी विचारलं.

तिनं पायडल थांबवलं नाही. "आधी हे घड्याळ बांधून गॅलरीतले कपडे आणा," ती म्हणाली. "ती पावलं ते मोजतं."